दया 'येते' म्हणाली

"येते हं, राही."

शब्द तोंडातून सुटला आणि दयाला कळलं, घात झाला.

ओसरीवरच्या बायांची कुजबुज एकदम थांबली. भिंतीला पाठ लावून बसलेल्या राहीबाईनं मान वर केली. नवऱ्याला नेल्यापासून तिनं कुणाकडे धड बघितलं नव्हतं. आता मात्र तिनं दयाकडे बघितलं आणि बघतच राहिली.

"अगं बया! दये, शुद्धीत हाईस का?" मनकर्णा कडाडली. ही राहीबाईची धाकटी जाऊ. घर अंगणाच्या पलीकडे, पण कारभार दोन्हीकडचा. "दुखवट्याच्या घरातनं उठताना येते म्हनत्यात का? परत याच कामाला यायचंय व्हय तुला?"

दयानं जीभ चावली. पण चावून काय उपयोग? पदर सावरला, चपला हातातच घेतल्या आणि अनवाणीच अंगण ओलांडलं.

आता, आपल्याकडे माणूस कुठूनही निघालं तरी 'जाते' म्हणत नाही. 'येते' म्हणतं. माहेराहून निघताना, दुकानातून निघताना, अगदी कडाकडा भांडून निघतानासुद्धा. एकच घर याला अपवाद. जिथं माणूस गेलंय तिथून मुकाट्यानं उठायचं आणि चालू लागायचं. तिथं 'येते' म्हणणं म्हणजे असाच प्रसंग पुन्हा येवो म्हणणं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं आणि दयालाही ठाऊक होतं. पण उभ्या जन्मात राहीबाईच्या अंगणातून ती 'येते' म्हटल्याशिवाय निघालीच नव्हती. पाय उंबऱ्याबाहेर पडला की शब्द आपोआप पडायचा. त्या दिवशीही पाय पडला आणि शब्द पडला. इतकंच झालं होतं. पण गावाला इतकंच कुठं पुरतं!

दया गावात पिठाची गिरणी चालवते. सुप्याहून पारनेरकडे जाणारा रस्ता सोडून आत वळलं की पाराच्या पुढे पत्र्याची एक खोली दिसते, तीच. सासऱ्यांनी घातलेली, नवऱ्यानं, म्हणजे याकोबनं, सांभाळलेली. पुढे पिठानं याकोबला दमा लागला आणि गिरणी दयाच्या हातात आली. याकोब तेव्हापासून गिरणीबाहेर खुर्ची टाकून बसतो, पेपर वाचतो आणि आतल्या आवाजावरून पट्टा सैल झाल्याचं ओरडून सांगतो. दया म्हणते, माझा नवरा घड्याळासारखा आहे, नुसता बसून टिकटिक करतो.

तिचं दळण गावाला आवडायचं, आणि ते नुसतं पिठापायी नव्हे. गव्हावर बाजरी दळायची वेळ आली की ती मध्ये आपल्या पोत्यातली मूठभर बाजरी टाकायची, म्हणजे आधीच्या पिठाची सरमिसळ आपल्या पदरात पडायची आणि गिऱ्हाईकाचं पीठ स्वच्छ यायचं. कुणाच्या धान्यात किडे निघाले तर चारचौघांत बोलायची नाही. डबा मागे ओढायची, गुपचूप चाळायची, मग दळायची. म्हाताऱ्या बाईचा डबा असला तर रस्त्यापर्यंत स्वतः नेऊन द्यायची. सुप्याच्या कंपन्यांत पाळी करून परतणाऱ्या पोरींची दळणं आधी काढायची, कारण त्यांना जाऊन स्वयंपाक करायचा असतो. यातलं काही तिनं कधी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवायला त्यात काय आहे, असंच तिला वाटायचं.

आणि राहीबाई? दोघी एकाच साली या गावात नांदायला आल्या. एकीचं लग्न देवळात, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या देवळात, पाळकसाहेबांपुढे. दुसरीचं मांडवात, अक्षतांखाली. दोघींचा गाव नवा, सासू कडक आणि विहीर एक. पहिल्या उन्हाळ्यात दोघींनी विहिरीवर घटकाभर रडून घेतलं, तेव्हापासून जमलं ते जमलंच.

राहीबाईचा नवरा रंगनाथ दळण घेऊन यायचा. सायकलच्या मागं डबा बांधून यायचा, याकोबपाशी बसायचा आणि आपला नंबर आला तरी म्हणायचा, "त्या बाईचं काढा आधी, मला काय घाई न्हाई." एकदा डब्यांची अदलाबदल झाली. रंगनाथ दुसऱ्याचंच पीठ घरी घेऊन गेला. राहीबाईनं त्याच्या भाकरी केल्या, तर हा जेवताना म्हणतो कसा, "आज भाकर लई गोड लागतीय." झालं! राहीबाई दोन दिवस फुगून बसली. मग रंगनाथनं लाल ऑइलपेंट आणला आणि डब्याच्या झाकणावर आपलं नाव रंगवलं. 'रं' एवढा मोठा काढला की 'थ' ला जागाच उरली नाही. तो झाकणाच्या कडेला अंग चोरून उभा राहिला. पुढे गिरणीत सगळे त्याला 'रं मोठा' म्हणून चिडवायचे.

तो रंगनाथ कांद्याला पाणी धरता धरता बांधावर बसला, तो उठलाच नाही.

*

दुखवट्याच्या दिवसांतच मनकर्णाचा नवरा कल्याण कांद्याच्या चाळीवर पत्रा ठोकायला चढला आणि शिडीसकट खाली आला. पायाचं हाड मोडलं. कुणी म्हणालं शिडी जुनी होती, कुणी म्हणालं कल्याणला मुळात चढायची हौस फार. पण मनकर्णानं कारण कधीच शोधून ठेवलं होतं. ती तडक गिरणीवर आली. मोटर चालू होती, तरी तिचा आवाज वर ऐकू आला.

"झालं का समाधान? येते म्हनलीस, घे! आला की न्हाई पुन्हा प्रसंग? आता आमच्या अंगनात पाय ठिवू नको, सांगून ठिवते."

डबे घेऊन उभ्या असलेल्या बायांनी खाली बघितलं. दयानं मोटर बंद केली. मनकर्णा रांगेतला आपला डबा उचलून हायवेकडच्या गिरणीकडे चालती झाली.

रात्रीच्या जेवणाला दयानं ताट पुढे ओढलं आणि तसंच ठेवलं.

"अवो, मी काय मुद्दाम म्हनले का?"

"न्हाई," याकोब म्हणाला.

"आपल्यात तर मातीला गेल्यावर पाळकसाहेबसुदिक म्हनत्यात, पुन्हा भेटू म्हनून. त्यांना कोनी काई बोलत न्हाई."

"पाळकसाहेब म्हनत्यात ते स्वर्गात. तू म्हनलीस ते मनकर्णाच्या अंगनात."

दयाला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. रंगनाथ गेल्यावर ती धड रडलीही नव्हती. ते सगळं आता आलं. याकोबनं तिला रडू दिलं. मग भाकरीचा तुकडा मोडत तो म्हणाला, "येते म्हनलीस ना? आता शबुद काय परत गिळता येत न्हाई."

"मंग?"

"मंग जा की. येते म्हनून न जानं, हे त्याच्याहून वंगाळ."

"ती मनकर्णा पाय ठिवू देईल का?"

"पाय नको ठिवू. कडी तर रस्त्याकडं हाय ना?"

*

राहीबाईच्या अंगणाला दगडी कुंपण आहे आणि रस्त्याच्या बाजूला लोखंडी फाटक. फाटकाला जाड कडी. दया दुसऱ्या दिवशी गिरणी उघडायला निघाली ती वाकडी वाट करून फाटकापाशी आली. कडी वाजवली. "राही, आले गं," एवढंच म्हणाली. आतून काही उत्तर आलं नाही. पलीकडच्या ओसरीवर मनकर्णा शेणानं सारवत होती, ती हात तसेच ठेवून बघत राहिली. दयाचा पाय फाटकाच्या आत नव्हता, त्यामुळे भांडायला जागा नव्हती.

दया वळली आणि गेली. जाताना तोंड घट्ट मिटून घेतलं.

मग ते रोजचं झालं. कडी वाजवायची, "राही, आले गं" म्हणायचं आणि जायचं. कशी आहेस, जेवलीस का, असलं काही विचारायचं नाही. ते विचारणारे बरेच होते. दहावं-तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, मुलगा सुनील बायको निकिताला घेऊन चिंचवडला कामावर गेला, आणि विचारणारेही कमी होत गेले. राहीबाई बाहेर पडेना. मनकर्णा, काही झालं तरी जाऊ होती, रोज ताट झाकून नेऊन द्यायची. ते ताट बरंचसं तसंच परत यायचं, असं गावात बोललं जायचं. शेळ्याही मनकर्णाच सोडायची. रंगनाथचा डबा तर गिरणीवर आलाच नाही. दयाची नजर सारखी डब्यांच्या रांगेवरून फिरायची आणि लाल अक्षरं न दिसता परत यायची.

एकच बरं होतं. कडी वाजवताना आतून चहाचा वास यायचा. आलं घातलेल्या चहाचा. चहा तरी घेतीय, दया मनाशी म्हणायची. कधी फाटकाच्या खांबावर कांदापातीची जुडी ठेवायची, कधी परड्यातली चार वांगी. दुसऱ्या दिवशी ती तिथं नसायची. राहीनं नेली की शेळीनं खाल्ली, कळायला मार्ग नव्हता.

पण दयाचं एक झालं. तिचा 'येते' गेला. कुठूनही निघताना शब्द ओठावर यायचा आणि ती तो मागे ओढायची. किराणा दुकानातून नुसतीच वळायची. रविवारी उपासना संपली की कुणाशी न बोलता देवळाच्या पायऱ्या उतरायची. पारनेरला बहिणीकडे, स्टेलाकडे, गेली तर निघताना उठली आणि सरळ चालू लागली. स्टेला मागून रस्त्यापर्यंत धावत आली.

"ताई, अगं काय चुकलं का माझं? रागावून चाललीस?"

"न्हाई गं."

"मंग येते बी न म्हनता?"

दया काय सांगणार? एसटी आली, ती चढली. खिडकीतून नुसता हात केला. स्टेला रस्त्यावर तोंड एवढंसं करून उभी राहिली होती, ते दयाला घरी पोचेपर्यंत दिसत राहिलं. एक शब्द तो काय, पण तो तोंडातून गेला तर माणूस किती ठिकाणी तुटतं, हे तिला पहिल्यांदा कळलं.

*

एका रविवारी दुपारी सुनील घरी आला. गिरणी बंद होती. याकोब आत पडला होता. दया दारात तांदूळ निवडत बसली होती.

"मावशी, एक काम होतं."

दयानं त्याला पाणी दिलं. पोरगा वाळला होता. वडील जाणं, नोकरी, चिंचवड ते गाव अशा फेऱ्या. तो खाली बघत बोलायला लागला.

"आईला घेऊन जातो कायमचं. इथं ती अशीच बसून राहनार. जेवत न्हाई, बोलत न्हाई. निकिताचेही दिवस भरत आलेत, मला सारखं येनं जमनार न्हाई. शेळ्या काकांना देतो, घराला कुलूप लावतो. पन ती ऐकत न्हाई. नुसती मान हलवती."

"मंग?"

"तुमी सांगा ना तिला. तुमचं ऐकंल ती." मग तो म्हणाला, "इथं आता तिचं कोन हाय, मावशी?"

तो काही वाईट हेतूनं बोलला नाही. पोरगा गुणाचाच होता. पण दयानं सूप खाली ठेवलं. इथं तिचं कोण आहे! विहिरीवर राही जिच्याबरोबर रडली ती कुणीच नाही का? तिला म्हणावंसं वाटलं, मी आहे की रे, मुडद्या. पण ती दुखवट्याच्या घरात भलतं बोलून बसलेली बाई होती. फाटकाच्या आत पाय ठेवायची तिला मुभा नव्हती. 'मी आहे' असं कुठल्या तोंडानं म्हणणार?

"माझ्यानं न्हाई सांगवनार रे," ती म्हणाली. "पन मी आडवी बी येनार न्हाई."

सुनील गेला. याकोबनं आतून विचारलं, "काय म्हनत हुतं पोरगं?" दयानं सांगितलं. याकोब खोकला आणि कुशीवर वळला.

दयाला रात्री एक विचार चिकटला तो सुटेना. राही जात नाही ती आपल्या कडीपायी तर नव्हे? आपण रोज उठून वाजवतो, म्हणून ती इथं अडकून पडली असेल. पोरापाशी गेली तर चार घास पोटात जातील, नातवंडाचं तोंड बघेल, माणसात येईल. आपण येते म्हणालो आणि ते खरं करायला जातो, पण ते तिच्यासाठी जातो की आपला शब्द धुवायला? याचं उत्तर तिला सापडेना. राही गेली तर आपलं कसं होईल, हा विचार मात्र तिला सारखा सापडत होता, आणि त्याचीच तिला लाज वाटली.

सोमवारी सकाळी ती वाकडी वाट न करता सरळ गिरणीवर गेली.

याकोबनं खुर्ची टाकली, पेपर उघडला आणि तिच्याकडे बघितलं. "आज गेली न्हाईस?"

"न्हाई."

"बरं न्हाई वाटत का?"

"तुमी तुमचा पेपर वाचा."

दळणं आली. तिनं मोटर चालू केली. हात काम करत होते, पण डोकं कुठंच नव्हतं. गव्हावर कुणाची तरी ज्वारी तशीच ओतली, मध्ये मूठभर टाकायची विसरली. असं तिचं कधी झालं नव्हतं. याकोब बाहेरून ओरडला, "पट्टा सैल झालाय!" पट्टा काही सैल नव्हता. तो आपला तिला हाक मारत होता.

ऊन पारावर चढलं असेल नसेल, तेवढ्यात याकोब खुर्चीतून उठून उभा राहिला. तो असा उठत नाही. दयानं दारातून बघितलं.

रस्त्यानं राहीबाई येत होती. केस विंचरलेले, पदर डोक्यावर, पण पाऊल जड. आजारातून उठलेलं माणूस चालतं तशी चालत होती. आणि तिच्या मागं, डबा कमरेवर घेऊन, तोंड फुगवून, मनकर्णा. डब्याच्या झाकणावरची लाल अक्षरं लांबूनच दिसली.

दयानं मोटर बंद केली.

राहीबाई दारात आली. चौकटीला धरून तिनं दम घेतला. मग बोलली. इतक्या दिवसांनी आवाज फुटला तो जरा खरखरीत आला.

"आज का आली न्हाईस?"

दया दगडाला वळसा घालून दारापाशी आली.

"सकाळपासनं कडीकडं कान लावून बसले. चा दोनदा गरम केला. दोनदा गार झाला."

"चा?"

"तुझा. रोज दोन कप करती मी. ह्यांचा अन् माझा करायची सवयच हुती. हे गेले तवा म्हनलं, आता एकच करायचा. तर तुझी कडी वाजली. दुसऱ्या दिवशीपासनं पुन्हा दोन करायला लागले. वाटायचं, आज आत येईल. तू आपली आले गं म्हनायचीस अन् तिथनंच वळायचीस. मंग मीच दोन्ही प्यायचे."

"अगं, मला आत यायला..." दयाची नजर मनकर्णाकडे गेली.

मनकर्णानं डबा धाडकन ओट्यावर ठेवला. "मला काय बघतीस? मी काय फाटकाला कुलूप लावलं हुतं का? रागात मानूस धा गोष्टी बोलतं. आमच्या ह्यांनी बी सांगितलं मला, शिडीची पायरीच सडलेली हुती म्हनून." मग जरा खालच्या आवाजात, "आक्का एकटीच डबा घेऊन निघाली. चक्कर येऊन पडली असती, म्हनून मी आले. न्हाईतर मला काय गरज पडलीय हितं यायची."

याकोबनं आपली खुर्ची आत सरकवली. राहीबाई बसली.

"राही, मी त्या दिवशी चुकले गं," दया तिच्यापाशी जमिनीवरच बसली. "भलतंच बोलून गेले. माझी जीभ..."

"काय भलतं?" राहीबाई म्हणाली. "त्या दिवशी किती बाया आल्या. बसल्या, रडल्या अन् उठून गेल्या. कोनी मागं बघितलं न्हाई. बघायचं नसतंच, रीत हाय ती, मला काय ठाव न्हाई का? पन एकेक उठायची तसं मला वाटायचं, ही बी गेली. ही बी गेली. घर आपलं रितं व्हतंय. मंग तू उठलीस अन् येते म्हनलीस." तिनं दयाच्या पिठानं भरलेल्या हातावर हात ठेवला. "मला वाटलं, चला. एक तरी परत येनार हाय."

दयानं डोळ्याला पदर लावला तर पीठ डोळ्यात गेलं. मनकर्णानं हंड्यातून पाणी घेतलं आणि रागारागानंच तिच्या हातावर ओतलं. "धू. आंधळी व्हशील."

राहीबाईला हसू आलं. थोडंसंच, पण आलं.

*

"चिंचवडला चाललेय," ती मग म्हणाली. "सुनील गाडी घेऊन येतोय. मी त्याला रातीच सांगितलंय, निकिता बाळंत व्हईस्तोवर अन् तिचं अंग धरीस्तोवर राहीन. कायमचं न्हाई. घर माजं हितं हाय, शेळ्या हितं हाईत. मनकर्णा बगंल तवर."

"मी न्हाई बघनार तर कोन बघनार?" मनकर्णा म्हणाली.

दया उठली. डब्याचं झाकण उघडलं. आत बाजरी, स्वच्छ निवडलेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा राहीनं सूप हातात घेतलं होतं, हे त्या बाजरीवरूनच कळत होतं. दयानं डबा उचलला. "बस जरा. आत्ता काढून देते. नातवंडाच्या घरी ताज्या पिठाची भाकर कर."

"न्हाई, दळू नको."

"मंग?"

"तिकडं सुनीलनं पिशवीतलं पीठ आनलंय. हे हितंच राहू दे. आत्ता दळलंस तर मी येईस्तोवर कडू व्हईल." राहीबाईनं डब्यांच्या रांगेकडे बोट केलं. "लायनीत ठिव. मी आल्यावर दळ."

दयानं डबा रांगेत ठेवला. झाकण दाबून बसवलं. अंग चोरून उभा असलेला 'थ' तिनं अंगठ्यानं पुसला.

रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. सुनील उतरला, आईला गिरणीत खुर्चीवर बसून बोलताना बघितलं आणि तिथंच थबकला. राहीबाई उठली. या खेपेला तिनं चौकट धरली नाही. मनकर्णानं तिच्या पदरावरचं पीठ झटकलं. दाराबाहेर पाय टाकून राहीबाई वळली.

"दया," ती म्हणाली, "येते."

मनकर्णानं दयाकडे बघितलं. याकोबनं बघितलं. दयाचे ओठ हलले. कितीतरी दिवसांत तिनं हा शब्द म्हटला नव्हता, आणि त्याचं उत्तरही कुणाला दिलं नव्हतं.

"ये," ती म्हणाली. "ये हां, राही. ये."

गाडी पाराला वळसा घालून सुप्याच्या दिशेनं गेली.

*

गिरणी चालू आहे. मनकर्णाचा डबा पुन्हा इथंच येतो. हायवेकडचा गिरणीवाला दगडाला वेळेवर टाकी लावत नाही, पीठ भरड काढतो, असं ती स्वतःहून सगळ्यांना सांगते. त्या सोमवारी ज्या बाईची ज्वारी गव्हावर दळली गेली, तिला दयानं आपल्या घरच्या ज्वारीचं पीठ नेऊन दिलं. स्टेलाला फोन केला. फोन ठेवताना म्हणाली, "येते गं आयतवारी." पलीकडून स्टेला म्हणाली, "आली का तुझी जीभ जागेवर?"

परवा एक नवी बाई आली. सुप्याच्या कंपनीत कामाला असलेल्या नवऱ्याबरोबर गावात भाड्यानं राहायला आलेली. रांग मोठी होती. तिनं लाल अक्षरांच्या डब्याकडे बोट केलं.

"काकू, हा डबा केव्हाचा सगळ्यांत पुढे आहे. याचं दळत नाही, तर मागे तरी सारा. रंगनाथ कोण, ते येणारेत का?"

बाकीच्या बायांनी दयाकडे बघितलं. याकोबनं पेपर खाली घेतला.

"राहू दे तिथंच," दया म्हणाली. "त्यांना घाई नसती. पन नंबर हाय त्यांचा."

आणि तिनं त्या नव्या बाईचंच दळण आधी घेतलं. घरी लहान लेकरू असणार, पदराला दुधाचा डाग होता.

संध्याकाळी तिनं दगडाभोवतीचं पीठ झाडलं, पट्टा उतरवला. रांगेतले सगळे डबे गेले होते, एक सोडून. त्याच्या झाकणावर दिवसभराचं पीठ बसलं होतं. तिनं फडक्यानं ते पुसलं, आधी मोठा 'रं', मग कडेचा 'थ'. दिवा घालवला. बाहेर येऊन शटर ओढता ओढता, अर्ध्यावर थांबून, ती आत बघून म्हणाली,

"येते."